सॅन अँटोनियोचा पाट

गिऱ्हाईक कसं पटवायचं ते मला विचारा. नव्वदच्या दशकात मी आखातात, रुवीतल्या एका पंपांच्या कंपनीत होतो. टेक्सासहून नवा साहेब आला, त्याला घेऊन बरका गावाकडच्या एका अर्बाबकडे, म्हणजे मळ्याच्या अरब मालकाकडे गेलो. मळ्यातला जुना पाट, तिकडे त्याला फलज म्हणतात, तो बुजवून आमचे पंप बसवायचे होते. वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर.

मी वाटेतच बजावलं, "साहेब, आधी कहवा, खजूर, आपल्या गावच्या गप्पा. धंद्याचं नंतर."

दुसऱ्याच कपाला साहेब रंगात आला. "माझं गाव सॅन अँटोनियो. स्पॅनिश पाद्री आले, त्यांनी मिशन बांधलं, शेतीसाठी नदीचा पाट काढला, आणि त्याच्याभोवती शहर वाढलं."

मी सगळं अरबीत सांगितलं. अर्बाबनं विचारलं, "तो पाट आहे अजून?"

"आहे तर," साहेब छाती फुगवून म्हणाला. "अडीचशे वर्षं झाली, अजून वाहतोय."

"मग माझा कशाला बुजवतोस?" अर्बाब म्हणाला, आणि खजुरांचं ताट शांतपणे पुढे सरकवलं.

परतताना साहेब माझ्यावर उखडला. "गावाचं बोलायला तूच सांगितलंस ना?"

मी म्हटलं, "बोलायला सांगितलं होतं साहेब. खरं बोलायला कुठे सांगितलं?"