पथ्य सुटलं

ठाण्याच्या स्टेशनात तिकिटाच्या रांगेत उत्तराच्या पुढे मिठागरावरचा परशुराम आणि त्याची बायको सगुणा उभी होती. सगुणाचे पाय घोट्यांपर्यंत सुजले होते.

"पयली रानीची बाग. मंग ट्राममधी बसून चौपाटी. तिथं भेल खायची, चांगली मीठ घातलेली."

"मला मीठ बंद हाय ना."

"आज डाक्तर काय बोलला? औषध नको, पथ्य नको, परत यायला पन नको. मागंल ते खायला घाल. म्हंजे बरी झालीस तू."

"हां. झाले."

"मिठागरवाल्याची बायको अलनी जेवते, सगला गाव हसत व्हता."

"हसू दे. मावरा मिलंल का तिथं, ताजा बोंबील?"

"मुंबयला मावरा नाय मिलनार? येडी का तू? बाई, रानीच्या बागंला कुठं उतरायचं?"

"भायखळ्याला," उत्तरा म्हणाली. ती शाळेत शरीरशास्त्र शिकवायची. सगुणाच्या पायांवरची नजर तिने काढून घेतली.

"तुमी शिकलेल्या. पथ्य सुटलं म्हंजे मानूस बरा झाला ना?"

उत्तराने तोंड उघडायच्या आत सगुणाच बोलली, "बाईंना काय इचारता? डाक्तर बोलला ना."

"बरं. धक्क्यावरच्या बोटी मातर दिवालीला बघू, आपल्या पोरीला, शालूला घेऊन."

"बोटी पन आजच दाखवा."

"एका दिसात दमशील गो."

"दमले तर बसंन. शालूला दिवालीला तुमी आना."