निरोगी माणसाची फुंकर

लखनऊच्या महानगर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्टसाठी थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एक प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी हातातला रिपोर्ट बघत मराठीत बोलत होते. इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय, असा त्यांचा सूर होता.

“उपाशीपोटी दोनशे ऐंशी? अहो, ही साखर काही आजची नाही.”

“हेमा, म्हणजे आमचा सेन्सर बरोबर होता.”

“कुठला?”

“श्वासावरून मधुमेह ओळखणारा. सिरॅमिकची चकती असते, तापवली की श्वासातलं ॲसिटोन पकडते. साखर फार वाढली की ते वाढतं.”

“मग?”

“निरोगी माणूस म्हणून त्यावर फुंकर मीच मारायचो. दर वेळी आकडा जास्त यायचा. मी नाझियाला सांगायचो, चकती बिघडली आहे, नवीन भाजून आण.”

“पीएचडीची पोरगी ती. किती दिवस भाजायला लावलंत?”

“भट्टी अजून चालूच आहे.”

“मी दिवाळीपासून सांगतेय, तुमच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो.”

“मला वाटलं, तुझं नाक...”

“हो, माझं नाकही बिघडलेलं. करा तिला फोन.”

“हाँ नाझिया, पुराने वाले सेन्सर फेंके तो नहीं? ... नहीं, सब ठीक थे. गड़बड़ मुझमें है. ... अच्छा. ... हाँ, ठीक है.”

“रडली का?”

“नाही. म्हणाली, सर, गोळ्या सुरू करायच्या आधी एकदा लॅबमध्ये येऊन फुंकर मारून जा.”