चित्र अडकलं की

अहो दादा, उतरा आधी शिडीवरून, ती इंटरनेटची तबकडी हलवू नका — तक्रार कोणी केली, वहिनीने ना? लाइन माझी, चित्र माझं अडकतं, तिला काय करायचंय? बसा. त्या कोटांवर नको, आज द्यायचेत ते शिवून, स्टुलावर बसा. आता म्हणाल, दुरुस्ती नको म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघतोय — तर ऐका. रोज दुपारी एक आचारी व्हिडिओ कॉलवर बोलतो माझ्याशी, जहाजावरचा. तो भर समुद्रात, मी इथे मशीनवर, आणि तुमचे ते उपग्रह डोक्यावरून पळतायत — एक गेला की दुसरा फोन झेलतो, पण मधे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आली की चित्र अडकलंच. तोंड उघडं ठेवून अडकतो हो तो, घास मागितल्यासारखा. आणि मी त्याला काय काय सांगून ठेवलंय! सर्कशीतल्या हत्तीला पाटलोण शिवली, हत्तीने सोंडेत टेप धरून स्वतःचं माप दिलं — एक थाप मारली की पुढची आपोआप येते, आणि तो मिटक्या मारत ऐकतो. मग चित्र अडकलं की मी त्या उघड्या तोंडाला खरं सांगून टाकते. हत्ती कुठला रे, सोफ्याचं कव्हर होतं. केस रंगवलेत. आणि — तिकडे बघा, माझ्याकडे नको — तू विचारलंस तर मी हो म्हणेन, पण विचारू नकोस, थापा कळल्या तर पळून जाशील. एवढं बोलते तोवर चित्र हलतं, की मी पुन्हा हत्तीवर. म्हणून म्हणते, राहू दे ती टाकी मधे.

काय? कुठून जातो? थांबा, पुन्हा सांगा — तबकडीसमोर काही आलं की चित्र अडकतं, पण आवाज हलका, म्हणून तुमची पेटी तो लगेच जुन्या टेलिफोनच्या तारेवरून पाठवते? माझा आवाज? म्हणजे मला वाटतं सगळं बंद, आणि तिकडे त्याला — सोफासुद्धा? केस? आणि ते दुसरं? कधीपासून आहे ही सोय? पहिल्या दिवसापासून. अगं आई गं. आणि तरी काल गडी विचारतोय, हत्तीला पाटलोण कमरेत घट्ट नाही ना होत — इतका सरळ चेहरा ठेवून! आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, पुढच्या महिन्यात जहाजावरून उतरतोय, तुझ्याकडे दोघांपुरती जागा आहे का. मला मेलीला वाटलं, मित्राला घेऊन येतोय. म्हटलं, वीस खोल्या आहेत, बागेकडची घे.

हसा, हसा. मलाही आवरत नाहीये, सुई कुठे गेली बघा — फोन वाजला. तोच. आला, हात हलवतोय — अडकला. बघा, तोंड उघडंच. दादा, उचला शिडी, निघा तुम्ही. नाही हो, कशालाच हात लावू नका, दार तेवढं ओढून घ्या.

अरे, ऐक. एकच खोली आहे.