बाभळीवरचा कोतवाल

श्रीमंत : ...आन् पुन्हा सांगतो, या श्रीमंताची सून कोतवाल व्हनार न्हाई! तलाठ्याची पिशवी धरायला बीए झालीस व्हय गं, धने?

धनश्री : मामा, आधी गोठ्यातनं बाहेर तर या. तिथनं किती ओरडाल?

श्रीमंत : येतो की. भितो काय कुनाला? ...ए हाड! हाड! आयला, परत टाळक्यात टोचलं!

(बाभळीवरचा काळा पक्षी झेपावला, पागोटं शेणात पडलं आणि श्रीमंत पुन्हा म्हशीच्या आडोशाला गेला.)

कडूबाई : काल त्याच्या घरट्याखालची फांदी कुनी तोडली? शेरडांना दुसरा पाला नव्हता?

श्रीमंत : तू गप! दुभंगल्या शेपटाचं काळं पाखरू. दुसऱ्याच्या म्हशीवर बसून फिरतंय आन् नाव काय, तर कोतवाल!

धनश्री : पूर्वी शहराचा कोतवाल म्हणजे मोठा अंमलदार असायचा, मामा.

श्रीमंत : शहराचा आसंल. गावचा कोतवाल आमच्या ओट्याखाली उभा ऱ्हायचा. त्याचा कप आमी येगळा ठिवायचो, ह्याच गोठ्याच्या कोनाड्यात.

धनश्री : आता कागदावर महसूल सेवक लिहितात.

श्रीमंत : नाव बदललं म्हून पिशवी हलकी झाली व्हय?

धनश्री : पिशवी मी उचलीन. तुम्ही पेटीची किल्ली द्या. दाखले त्यात आहेत. अकराच्या आत कर्जतला हजर झाले नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाईल.

श्रीमंत : जाऊ दे! किल्ली माझ्या करदोट्याला हाय, तिथंच ऱ्हाईल.

कडूबाई : मंग तुमी बी तिथंच ऱ्हावा. कल्याण कवाधरनं गाडी काढून उभा हाय. पोराची बी कदर न्हाई ह्या मानसाला.

श्रीमंत : आगं, सकाळपासनं चहा न्हाई पोटात!

कडूबाई : धाडते की. कप तिथंच कोनाड्यात हाय. धुऊन घ्या.

श्रीमंत : ...कडे, जीभ लई चालाया लागली तुजी.

कडूबाई : बाभळीकडं बघा जरा. दोन फांद्या खाली होल्यानं अंडी घातल्यात. त्या होल्याला कधी टोचलं का कोतवालानं? कावळा आला, की कोतवाल आदी धावतो. त्याच्या जिवावर गरीब पाखरं पोरं वाढवत्यात. तुमच्या जिवावर कोन वाढलं?

धनश्री : जाऊ द्या, आत्या. मामा, मी येते तिकडं. मला तो काही करत नाही. माझा पदर डोक्यावर घ्या आणि मागं मागं चला.

श्रीमंत : हळू चाल. ...आगं, वर बसलाय त्यो. बघतोय. ...थांबलीस का? आगं अंगनाच्या मदी थांबलीस का?

धनश्री : किल्ली, मामा.

श्रीमंत : हितं?

धनश्री : हितंच. नाहीतर पदर सोडते.

श्रीमंत : सोडू नको! ...घे. घे बाई, घे.

कडूबाई : सुटली एकदाची! धनश्री, पळ. दाखले काढ आन् बस गाडीवर.

धनश्री : आधी मामांना ओट्यावर पोचवते. चला.

श्रीमंत : ...धने.

धनश्री : काय?

श्रीमंत : सांजच्याला येळेवर येशील नव्हं? म्हशीची धार काढायला मला गोठ्यात जायचंय.