चार नंबरचं टेबल

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या कारखान्याच्या मालकीणबाई. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे ‘अक्षरसाहेब’ म्हणतो. त्यांच्या शेजारी बसून मला ‘आटपतं घे’ अशी खूण करणाऱ्या आमच्या वहिनी. आणि वजनकाटे बनवणाऱ्या या घरातल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो!

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. साहेबांनी माझं अक्षर तीनच मिनिटांत वाचलं होतं, तेव्हा ही चंगळच म्हणायची.

नव्यांसाठी सांगते. पूर्वी इथे नोकरी मागायला आलेल्या प्रत्येकाला मागच्या लांबट खोलीत बसवून एक पान लिहायला लावत. साहेब त्यावर भिंग फिरवत आणि माणसाचा स्वभाव सांगत. वेलांटी उघडी राहिली की उधळ्या, शिरोरेषा तुटली की भांडखोर. साहेबांनी नापास केलं की विषय संपला. मालकीणबाईसुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. अध्यक्ष हसताहेत, म्हणजे मी बरोबर बोलतेय.

मी आले सतरा वर्षांपूर्वी. आधीचा कारखाना बंद पडला होता, चार महिने घरी बसून होते. निघताना आईला म्हटलं होतं, “आज होकार घेऊनच येते.” जागा मिळाली चार नंबरच्या टेबलाशी. जीव ओतून पान लिहिलं. साहेबांनी भिंग फिरवलं आणि म्हणाले, “बाई, मन स्थिर नाही तुमचं. काटे तपासायचं काम तुम्हाला नाही जमायचं.”

आता काय करणार? वाद घालावा तर भांडखोर ठरायची. पर्स घ्यायला टेबलाकडे गेले. अर्जाची जादा प्रत हातात होती, तिचा आता काय उपयोग? तिची घडी घातली आणि वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवली.

“हे काय करताय?” साहेब ओरडले.

“टेबल डुगडुगतंय, साहेब. पुढच्या माणसाला तरी त्रास नको.”

साहेबांनी घडी काढली, खुर्ची ओढली आणि त्याच टेबलावर स्वतः पानभर लिहिलं. मग आपल्याच अक्षरावर भिंग धरलं. “अरेच्चा, माझंही मन स्थिर नाही!” म्हणाले आणि इतके हसले, इतके हसले की शिपाई धावत आला.

मंडळी, आपण केसभर कललेला काटा बाहेर जाऊ देत नाही. आणि आपलंच टेबल तीन वर्षं डुगडुगत होतं, ते एकालाही दिसू नये?

पण मग साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी जुनी पानं काढली. प्रत्येकावर टेबलाचा नंबर होता. चार नंबरवर माझ्याआधी बसलेले एकोणीस जण, एकूण एक नापास! दुसरा कुणी असता तर पाय दुरुस्त करून गप्प बसला असता. साहेब ती पानं घेऊन थेट मालकीणबाईंकडे गेले. “चूक माझी. मला काढायचं तर काढा, पण आधी यांना परत बोलवू द्या.”

बाई म्हणाल्या, “भिंग इकडे द्या आणि पत्रं लिहायला बसा.”

साहेबांनी एकोणीस पत्रं स्वतः लिहिली. तेव्हापासून इथे अर्जदारापुढे कागद नाही, काटा ठेवतात आणि म्हणतात, यातली खोट शोधा. त्या एकोणिसांतले किती जण आज इथे आहात? करा हात वर! सात, आणि आठवी मी, तुमची मुख्य तपासनीस. साहेब, आमच्या आठ घरांत तुमचं नाव निघालं की आधी हसू येतं आणि मग डोळे भरून येतात.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि वहिनींच्या धीराचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आता शेवटी ही निरोपाची भेटवस्तू. काल आम्ही सगळ्यांनी एकेक ओळ या पानावर लिहिली, चार नंबरच्या टेबलावर बसून. सोबत तुमचं भिंगही बाईंनी परत दिलंय. घरी जाऊन बघा, ओळन् ओळ हललेली दिसेल. तेवढ्याची मात्र माफी मागत नाही. टेबल स्थिर होतं, साहेब, पायाखाली घडी होती. मी स्वतः तपासली होती.