दोन बोटं वर

न्हाई, न्हाई — टेप ठेवा खिशात, मला माप घ्यायचंच न्हाई. गाडी चांगली हाय तुमची, रंगही चांगला, जमिनीला टेकलेली हाय बराबर — पण फळी मी करत न्हाई. बंद केलं ते काम. तुम्ही स्प्लिटर म्हणा, आम्ही फळीच म्हणायचो. गाडीच्या नाकाखाली आडवी, वीतभर पुढं निघालेली. सात वर्षं झाली, एक बनवली न्हाई. ट्रकच्या केबिनला टोपी पाह्यजे असंल तर सांगा, कूलरचं खोकं सांगा, टाकी फुटली असंल तर फायबरचा जोड मारून देतो — अख्ख्या शहागडात असा जोड कुणी मारीत न्हाई. फळीचं नाव काढू नका. काय म्हणलात? कुणी पाठवलं? साहेबरावांनी? तीर्थपुरीच्या? ...बसा. त्या बाकड्यावर नका बसू, त्याचा पाय हालतो, हितं खुर्चीवर बसा. म्हणले का ते असं, फळी करायची तर वसंताकडंच? म्हणत असतील. जो भेटंल त्याला तेच सांगतात. मागं बीडचे एक डॉक्टर आल्ते, त्यांनाही तेच सांगितल्तं. खुर्चीवर बसून, पायावर शाल टाकून, माझंच कौतुक. मी काय म्हणलो होतो का, करा म्हणून?

तुम्हाला वाटत असंल, ट्रकला टोप्या घालणाऱ्या माणसाला शर्यतीच्या गाडीतलं काय कळतं. औरंगाबादचे लोकही तसंच म्हणायचे. अठ्ठ्याण्णव साली साहेबराव ती दोन दाराची जपानी गाडी घेऊन हितंच थांबले होते, तुमची उभी हाय तिथंच, अन् विलायती मासिकातला एक फोटो दाखवला. म्हणले, वसंता, मद्रासकडं गोल रस्ता हाय शर्यतीचा, तिथं गाडी पळवायची, पण जोरात गेली की पुढून हलकी होती — अशी फळी जमंल का? मी फोटो पाह्यला अन् म्हणलं, ही तर वखराची पास हाय, मातीत आडवं चालणारं पातं. हसले ते. पण खरंच सांगतो, दुसरं काय असती? पासेचं नाक जरा खाली ठेवलं की वखर मातीला धरून चालतं, नाक वर झालं की उचलतं अन् वरच्यावर घसरत जातं. हितं मातीच्या जागी हवा, एवढाच फरक. फळीनं हवा फोडायची, थोडी वरून दाबू द्यायची, खाली कमी शिरू द्यायची. नाक वर राह्यलं की सगळी हवा खाली कोंबली जाती अन् गाडीलाच उचलती. हे मला कुण्या कॉलेजात न्हाई शिकवलं, बापामागं वखर हाणलंय मी.

पाण्यात न सडणारं प्लायवूड आणलं, वरून खालून फायबर चढवलं, मागची बाजू गाडीच्या सांगाड्याला बोल्टानं, पुढून दोन सळया वर बांधलेल्या. बंपरला न्हाई बांधली — बंपरला बांधणारे लई हायेत, तुम्हालाही कुणी तशीच देईल, घेऊ नका. मंग मी स्वतः उभा राह्यलो फळीवर. तेवढ्यानं भागलं न्हाई म्हणून कौसल्येला बोलावलं, माझी बायको, ती पदर खोचून चढली, हसू लागली, म्हणे लोक पाहून राह्यले. गाडी दबली पुढून, फळी हालली न्हाई. सकाळी सकाळी ह्याच हायवेवर साहेबरावांनी पळवून पाह्यली. परत आले तर डोळ्यात पाणी, खोटं न्हाई सांगत. माझे हात हातात घेतले, रेझिनचे, चिकट. म्हणले, वसंता, स्टेअरिंग जड झालं, गाडी रस्त्याला चिकटली. मद्रासला तुला नेणार. तुझ्याशिवाय ह्या फळीला कुणी हात लावायचा न्हाई.

असं म्हणले. चार माणसांत म्हणले. मोठ्या घरचे लोक असंच बोलतात, बोलताना त्यांचं मन खरंच मोठं झालेलं असतं, तेच वाईट हाय. मी मातर ते गाठीला बांधलं. साऱ्या स्टँडवर सांगितलं, मद्रासला चाललो. चहावाल्याला, टपाल्याला, ट्रकवाल्यांना. पांढरा शर्ट शिवला. कौसल्येनं तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, एक पिशवी भरली. साहेबरावांचे वडील अण्णासाहेब, त्यांना हे शर्यतीचं वेड बिलकुल पसंत नव्हतं, म्हणायचे पोरगं ऊस सोडून हवेत चाललंय — पण तेही मला म्हणले, तू सोबत हायेस म्हणून जाऊ देतो, तू माती वळखणारा माणूस हायेस. अन् ऐन वेळी काय झालं माहीत हाय का? गाडी चढवलेला ट्रक निघायला उभा, पुढं ड्रायव्हर, साहेबराव, अन् मधी औरंगाबादचा एक मेकॅनिक. गॉगल लावलेला. जागा न्हाई. साहेबराव खाली उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणले पुढच्या वेळेला, वसंता, नक्की. तो गॉगलवाला खालीसुद्धा उतरला न्हाई. त्याला फळीतलं काय माहीत होतं? त्याला वायसरचं तरी माहीत होतं का?

...कोणते वायसर? न्हाई, काही न्हाई. बोलण्याच्या ओघात आलं. वायसर असतातच की, बोल्टाखालच्या लोखंडी चकत्या, बोल्ट म्हणलं की वायसर आलं. तुम्ही चहा घेणार का? न्हाई? बरं. असे पाहू नका माझ्याकडं.

आता कसंय, एवढी खाली गाडी ट्रकात चढवायची म्हणजे सोपं न्हाई. आपल्याकडं बैल चढवतात, ट्रॅक्टर चढवतात तसंच — बांधाला ट्रक मागून लावायचा, दोन जाड लाकडी पाट्या टाकायच्या, अन् ढकलायचं. मी अन् ट्रकचा ड्रायव्हर, दोघांनी लावलं होतं सकाळी, साहेबराव तवर आले नव्हते. तर चढताना नाक टेकायला लागलं. माझी फळी घासली असती, किनार फुटली असती. म्हणून मी तेवढ्यापुरत्या पुढच्या सळया आखडल्या अन् मागच्या बोल्टांत तीन-तीन वायसर घातले. नाक दोन बोटं वर आलं. गाडी चढली. बघणाऱ्याला कळत न्हाई, वाटतं घडणच तशी असंल, खाली पडून आत हात घातला तरच बोटाला लागतं. मला काय, मी तर सोबतच चाललो होतो. मद्रासला उतरवली की मीच काढणार होतो, पाच मिनिटांचं काम. पाना माझ्या पिशवीत, दशम्यांच्या खाली.

अन् पिशवी माझ्या हातात, अन् ट्रक चालू.

एक शब्द बोलायचा होता. साहेबराव, वायसर काढून घ्या. संपलं. तोंड उघडलंही होतं. पण स्टँडवर सगळे उभे होते पाहत, चहावाला अन् टपाली अन् सगळे, मी नवा शर्ट घालून, आणि तो मधी बसलेला गॉगल. माझ्या मनात आलं — जाऊ द्या. कळू द्या ह्यांना. गाडी पळणार न्हाई नीट, पुढून हलकी लागंल, हारतील, मंग फोन येईल, वसंता जल्दी ये, तुझ्याशिवाय जमत न्हाई. एवढंच, आईशप्पथ एवढंच आलं मनात. हारावं एवढंच. कुणाचं हातपाय मोडावं असं कुणाच्या मनात येतं का? तुम्हीच सांगा. न्हाई, नका सांगू.

लॉजचा नंबर होता माझ्याकडं, साहेबरावांनीच आधी लिहून दिल्ता. दुसऱ्या दिवशी एसटीडीच्या डब्यात जाऊन उभा राह्यलो. नंबर लावला. वाजली घंटी तिकडं, तीनदा वाजली. मी ठेवून दिला. मी कामून करावा फोन? ज्याला गरज हाय तो करंल. तिसऱ्या दिवशी दुकानातच बसून राह्यलो, घरी जेवायला गेलो न्हाई, फोन येईल म्हणून. आला. साहेबरावांच्या चुलत्याचा आला. लांब सरळ रस्त्यानंतर वळण होतं म्हणे, गाडी वळलीच न्हाई, सरळ गेली भिंतीला. साहेबरावांचं कंबरेखाली काही राह्यलं न्हाई. पुढचा भाग असा चेपला की फळीचा भुगा झाला. वायसर कुठं अन् काय कुठं, कोण पाहतो.

मी भेटायला गेल्तो दवाखान्यात, पुण्याला. सांगायचंच ठरवून गेल्तो. तर ते माझ्याआधी बोलले. म्हणले, वसंता, आदल्या दिवशीच स्टेअरिंग हलकं लागत होतं, मेकॅनिक म्हणत होता थांबा, खोलून पाहू, पण मी म्हणलं वसंताची फळी हाय, तिला हात लावू नको, वेग वाढला की बसंल दाबून. माझीच चूक, म्हणले, मीच जास्त जोरात घेतली. तुझं काम सोन्यासारखं होतं. असं म्हणल्यावर काय सांगायचं माणसानं? तुम्ही काय सांगितलं असतं? मी त्यांना पाणी पाजलं अन् एसटी धरली.

तेवढ्यावर राह्यलं असतं तरी... न्हाई, आता निघालंच हाय तर ऐका, उठू नका. महिन्यानं अण्णासाहेब आले हितं. स्वतः. जीपमधून उतरले, दुकानात आले, ह्याच खुर्चीवर, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर. मी पाणी दिलं, घेतलं न्हाई. म्हणले, वसंता, माझ्या पोराला मी कधी विचारणार न्हाई, ते स्वतःवरच घेईल, त्याचा स्वभाव हाय तसा. तुला विचारतो. त्याच्या वेडापायी झालं, का फळीत काही होतं? फळीत असंल तर तुला मी एक शब्द बोलणार न्हाई, पण मला कळू दे. दोनदा म्हणले, मला कळू दे. मी खाली पाहून म्हणलं — फळी बराबर होती, अण्णासाहेब.

बस. उठले अन् गेले. पोराच्या वेडापायीच झालं असं धरून बसले, तेव्हापासून बोलले न्हाईत पोराशी. सात वर्षं एका घरात, एक वसरीत, एक माळवदाच्या खोलीत, मधी आई ताटं घेऊन फिरती. हे मला साहेबरावांनी न्हाई सांगितलं, सगळ्या घनसावंगी तालुक्याला माहीत हाय. अन् साहेबराव दर दिवाळीला माणसाहाती फराळ पाठवतात मला. डबा परत पाठवायचा म्हणजे कौसल्या रिकामा पाठवत न्हाई, त्यात साखर घालती, अन् मी पाहत बसतो. मी तीर्थपुरीला जात न्हाई. घनसावंगीला जायचं झालं तरी अंबडवरून फिरून जातो. अन् तुम्ही आज त्यांची शिफारस घेऊन आलात, फळी करा म्हणता.

ऐका. एक करता का? तुम्ही परत तीर्थपुरीवरूनच जाणार ना? मला घेऊन चला. शटर ओढतो, दोन मिनिटं लागतात. साहेबरावांकडं न्हाई, आधी अण्णासाहेबांकडं. त्यांना सांगतो, फळी बराबर नव्हती, मीच नाक वर केलं होतं अन् मीच गप बसलो होतो, तुमच्या पोराची काही चूक न्हाई. मारतील तर मारू द्या. म्हातारे झाले असतील, पण आवाज हाय अजून त्यांचा, मला माहीत हाय. दुसऱ्या कुणाला न्हाई सांगता आलं सात वर्षं, तुम्हाला सांगितलं, आता निघालंच हाय तोंडातून. चला. उठा ना. कामून बसून राह्यलात?

...अण्णासाहेबांना? कधीपासून?

न्हाई, मला कुणी सांगितलं न्हाई. घरातले बाहेर सांगत नसतील. तुम्ही स्वतः पाह्यलं? मागल्या रविवारी? बोलतात? साहेबरावांशी बोलतात? म्हणजे बसतात जवळ — खुर्चीजवळ बसतात, दिवसभर? मंग चांगलंच हाय की हे, मंग तुम्ही असं तोंड कामून —

काय विचारतात?

कुण्या गावचे पाव्हणे म्हणून. पोटच्या पोराला. अन् साहेबराव काय सांगतात? ...रोज सांगतात? रोज गाव सांगतात अन् ते म्हणतात, त्या गावात आमचाही एक पोरगा हाय.

न्हाई, मी येत न्हाई. कुणाला सांगायचं आता. तुम्ही जा. पैसे ठेवा खिशात, काय केलंय मी तुमचं? जा तुम्ही. फळी दुसरीकडून करून घ्या, सांगाड्याला बांधायला लावा, बंपरला न्हाई. अन् गाडी मागं घेताना जपून घ्या, तिथं खड्डा हाय.