अंतूचा भोंगा

या, या. बसा. पण उजव्या अंगाला बसा बरं का, डावा कान माझा कामातून गेलाय. कसा गेला तेच तर सांगायचंय. लाइट काय दहा वाजेपर्यंत यायची न्हाई, तवर ऐका. आणि रंजना, मधी मधी "मग, मग" करायचं न्हाई. गोष्ट माझ्या चालीनं चालंल.

आज सोमवार. सकाळी दहाला टेकडीवरचा भोंगा वाजला, ऐकला न्हवं? एकदाच वाजला, म्हंजे चाचणी. तीनदा लांब वाजला की धरणातनं पाणी सुटणार, नदीच्या पात्रातनं वर या. एवढं तर आपल्या धोंडेगावात शेंबडं पोरगंबी जाणतंय. आता तो भोंगा धरणावरच्या हापिसात बसून बटण दाबून वाजवतात. माझ्या वेळेला तसं नव्हतं. टेकडीवर लोखंडी मनोरा, मनोऱ्याच्या माथ्यावर भोंगा, खाली पत्र्याची खोली, खोलीत स्विच. आणि स्विचवर हात कुणाचा? माझा. सव्वीस वर्षं!

काम म्हणाल तर सोपं. मोटारीला तेल-पाणी बघायचं, वायरी उंदरांनी कुरतडल्या का बघायचं, पावसाळ्यात दर सोमवारी चाचणी घ्यायची, वहीत लिहायचं. आणि खंडेनवमीला आपण औतं-कोयते पुजतो ना, तसा मी भोंगा पुजायचो. हळद, कुंकू, झेंडूची माळ. पूजा झाली की भोंग्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबायचा. का? तर गांधीलमाश्या! उन्हाळ्यात आत पोळं करतात, नरसाळ्यात पाखरं घरटी करतात. पावसाळा संपला, भोंग्याचं काम संपलं, तोंड बंद. मिरगाच्या आधी काढायचा. ही चाल माझी न्हवं. माझ्या आधीच्या भोंगेवाल्याची, अंतू गुरवाची.

आता अंतूचं ऐका. मनोऱ्यावर वारा लई, बोळा उडून जायचा. म्हणून अंतू बायकोच्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बोळा बांधायचा. सकू तिचं नाव. एका साली दसऱ्यानंतर पाऊस उलटला. धरण तुडुंब. सायबाचा निरोप आला, पाणी सोडतोय. अंतूनं स्विच दाबला. खोलीत मोटारीचा असा आवाज होतो की माणसाला वाटतं, वाजतोय भोंगा! त्यानं वहीत लिहिलंसुद्धा, वाजला म्हणून. पण तोंडात बोळा होता रे. बाहेर काही गेलंच न्हाई. आणि सकू खाली पात्रात गवत कापत होती.

पाणी आलं, सकूला घेऊन गेलं, आणि अंतू काठानं पळत सुटला. दिसंल त्याला विचारायचा, "भोंगा वाजला का? भोंगा वाजला का?" लोकांना दया आली. म्हणाले, "वाजला रे बाबा, वाजला." खोटंच. त्याला ते पटलं न्हाई. तसाच विचारत विचारत पाण्यात शिरला, तो शिरलाच.

तेव्हापासून टेकडीला जायच्या पाणंदीत, ती ओढ्याच्या कडेची बोळकांडी, तिथं अंधार पडला की कुणीतरी मागनं विचारतं. "भोंगा वाजला का?" जुनी माणसं सांगायची, वळून बघायचं न्हाई, "वाजला" म्हणायचं आणि चालू लागायचं. तेवढ्यावर सोडतो.

मला आपली खोड. मी म्हणायचो, मेलेल्या माणसाला भोंग्याशी काय करायचंय? आणि "वाजला" म्हटल्यावर जातो, तर मग दुसऱ्या दिवशी परत कशाला विचारतो? पण मीबी तिथं रात्रीचा कधी गेलो न्हाई. गाडीरस्त्यानं सायकल हाणायची, लांब पडला तरी.

तर माझा कान गेला त्या साली दसरा लवकर आला. मी पूजा केली, बोळा कोंबला, मोकळा झालो. आणि आठ दिवसांनी पाऊस उलटला. कुणीकडं? वरच्या घाटात. आपल्याकडं नुसतं आभाळ, खाली वाळू कोरडी.

त्या दिवशी सकाळी नदीत मेंढरांचा वाडा उतरला होता. बिरू हाके म्हणून म्हातारा धनगर, दोन लेक, सुना, शंभरावर मेंढरं. थोरल्या सुनेला बाळंत होऊन पाच दिवस झालेले. बाळंतीण वाळूवर कांबळ्याच्या पालात निजलेली. बिरू मला म्हणाला, "पाव्हणं, पाणी सुटायचं न्हाई न्हवं? बाळंतीण हाय, रात्रीत हलवायला नगं."

मी काय म्हणालो? ऐका, हे माझं पाप हाय. मी छाती काढून म्हणालो, "सुटलं तर आधी भोंगा वाजंल. तीनदा. भोंगा वाजल्याबिगर उठायचं कारण न्हाई. माझा शब्द."

झालं! दिवस मावळला, अंधार पडला, आणि पंचायतीचा शिपाई श्रीपा धापा टाकत दारात. "आण्णा, धरणावरनं फोन! साडेआठला दरवाजे उचलणार!" घड्याळात साडेसात वाजून गेलेले. सायकल बघतो तर मागचं चाक बसलेलं. गाडीरस्त्यानं चालत सव्वा तास. धनगरांचा वाडा तर टेकडीच्याही खाली, पलीकडच्या अंगाला. तिथवर पोचणं शक्यच न्हाई. राहिली काय? पाणंद. अर्ध्या तासाचं काम. बायको म्हणाली, "अहो, तिकडनं नका जाऊ." मी म्हणालो, "बाळंतीण हाय खाली." आणि बॅटरी घेऊन निघालो.

पाणंदीत शिरलो. दोन्ही बाजूनं निवडुंग. चिटपाखरू न्हाई. पन्नास पावलं गेलो असंन, मागनं आवाज.

"भोंगा वाजला का?"

अगदी साधा आवाज हो! बाजाराला निघालेल्यानं गाडी गेली का विचारावं तसा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मान वळवली न्हाई. म्हणालो, "वाजला, वाजला." मागची पावलं थांबली. मी म्हणालो, सुटलो!

कुठला सुटतोय! बाभळीपाशी आलो तर आवाज पुढनं. "भोंगा वाजला का?" आणि पोरांनो, या वेळेला आवाज माझा! माझाच! माझ्या घशातनं निघावा तसा. मी डोळे मिटून म्हणालो, "वाजला की!" तशी बॅटरी विझली. हातावर आपटली, हलवली. छे! तसाच चाचपडत चाललो.

ओढा ओलांडला आणि काय सांगू, भोंगा वाजला! टेकडीवरनं! एक लांब. थांबला. दुसरा. थांबला. तिसरा! म्हणालो, सायबानं जीपनं कुणाला तरी धाडलं, वाजवला त्यानं. मी दगडावर बसलो. चंची काढली. तंबाखू मळायला लागलो, खरंच सांगतो.

मळता मळता मनात आलं, काहीतरी चुकतंय. काय चुकतंय? सांगा बघू. न्हाई सांगता यायचं. अरे, कुत्री! भोंगा वाजला की धोंडेगावातली झाडून सगळी कुत्री गळा काढतात. सोमवारी सकाळी ऐकत न्हाई का तुम्ही? आणि त्या रात्री एक कुत्रं बोललं न्हाई. म्हंजे तो भोंगा कुणाच्याच कानात गेला नव्हता. नुसता माझ्या कानात. जसा अंतूला त्या दिवशी खोलीत बसून वाजल्यासारखा वाटला, तसाच.

तंबाखू टाकली, धोतर खोचलं, पळालो! टेकडी चढलो कसा ते देव जाणे. कुलूप काढलं, खोलीत शिरलो, स्विच दाबला. मोटार धडाडली. पत्रा थरथरायला लागला. मी म्हणालो, वाजला बाबा एकदाचा! तेवढ्यात खिडकीतनं...

"भोंगा वाजला का?"

"वा..." म्हणेपर्यंत जीभ अडकली. कुत्री कुठं हायत? मी बाहेर आलो. वर बघतो तर भोंगा नुसता कण्हतोय. घुंऽऽ... शेजारच्या शेतात ऐकू जाणार न्हाई. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. बोळा! माझ्या हातानं कोंबलेला बोळा!

स्विच बंद करायचंबी सुचलं न्हाई. तसाच शिडी चढलो. पायऱ्या ओल्या. पाऊस न्हाई, पाणी न्हाई, आणि पायऱ्या ओल्याचिंब! वर पोचलो, बोळ्याला हात घातला, ओढला. येईना. दोन्ही हातांनी ओढला. आणि आतनं कुणीतरी ओढलं! अहो, भोंग्याच्या आतनं! मी ओढतोय, ते ओढतंय. मी इकडं, ते तिकडं. एका हिसक्यात माझा पाय सुटला, मी बोळ्यालाच लोंबकळलो. खाली तीस हात. आणि कानाशी, अगदी इथं डाव्या कानाशी, गार वारा. "भोंगा वाजला का?"

बाळंतीण दिसली हो मला. बिरूचा चेहरा दिसला. मी रडायला लागलो. म्हणालो, "न्हाई रे अंतू! न्हाई वाजला! माझाबी न्हाई वाजला, तुझाबी नव्हता वाजला! लोक तुझ्याशी खोटं बोलले. मीबी खोटं बोललो. माझ्या हातानं तोंड बंद केलंय मी, आता सोड!"

सोडलं.

बोळा सपकन बाहेर आला आणि भोंगा माझ्या कानाशी फुटला! कानातनं रक्त आलं. मी शिडीच्या दांडीला मिठी मारली म्हणून वाचलो, न्हाईतर आज ही गोष्ट सांगायला कोण होतं? आणि उजव्या कानानं ऐकलं, कुत्री! धोंडेगावची, वाडीची, पार नदीपलीकडची. सगळी रडत होती. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं न्हाई. खाली उतरलो, स्विच बंद केला, चालू केला. बंद, चालू. तीन पुरे केले. खाली पात्रात कंदील हलायला लागले. एक, दोन, पाच. चढले, काठावर चढले. मग पाणी आलं. कांबळ्याचं पाल गेलं, दोन कोकरं गेली. माणूस एकबी गेला न्हाई.

उजाडल्यावर बिरू आला, माझ्या पायाला हात लावायला लागला. म्हणाला, "पाव्हणं, तुमचा शब्द खरा." मला मान वर करवेना.

मग मी तो बोळा बघितला, मनोऱ्याखाली पडलेला. माझं गोणपाट, साखर कारखान्याचा शिक्का असलेलं, कोरडं ठाक. आणि त्याच्या आत दुसरं गोणपाट. कुजलेलं, पाणी गळतंय, नदीचा वास येतोय. त्याला बांधलेली हिरव्या लुगड्याची चिंधी. आता तुम्हीच सांगा. सबंध पावसाळा दर सोमवारी तोच भोंगा ठणठणीत वाजला होता. मग ते आत होतं कुठं? तेव्हापासून मी हाच विचार करतोय.

ते मी सकूच्या नावानं नदीत सोडलं. पुन्हा बोळा कोंबला न्हाई. गांधीलमाश्या डसल्या, डसू दिल्या. आणि दर सोमवारी चाचणी झाली, कुत्री रडली, की मी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन ओरडायचो, "वाजला रे अंतू! खरा वाजला!" माझी नोकरी होती तवर त्या पाणंदीत कुणाला कुणी काही विचारलं न्हाई.

आता मी घरी बसलो. भोंगा हापिसातनं वाजतो. बटण दाबणारा चार कोसांवर, अंतूला सांगणारं कोण? परवा दूधवाला सांगत होता, अंधाराचा तिकडनं येताना मागनं कुणीतरी काहीतरी विचारलं म्हणून. मी पुढचं विचारलं न्हाई. मला ठाऊक हाय काय विचारलं ते.

तर अंधार पडल्यावर त्या पाणंदीनं जाऊ नका. लांब पडंल, पडू दे. आणि कधी गेलातच, आणि मागनं विचारलंच, तर आधी थांबा. कुत्री ऐका. आपल्या कानानं भोंगा ऐकला नसंल, तर त्याला "वाजला" म्हणू नका. लई जणांनी फसवलंय त्याला.